रकाना अकरा

अपघाताच्या वेळी वाहन कोण चालवत होते?
फॉर्ममध्ये हा रकाना अकरावा.
मी माझे नाव लिहिले, वळणदार,
हळदीच्या पेढीवर तीस वर्षे पट्ट्या लिहिल्या त्याच हाताने,
जिथे चार आण्यांचा फरक राहिला
तर दिवे लागले तरी कोणी घरी जात नाही.

ठिकाण : हरिपूर रस्ता. वेळ : सकाळी सव्वासहा.
हकीकत थोडक्यात.
कुत्रे आडवे आले. हे खरे होते.
त्रयस्थाचे नुकसान?
चिंचेची तळहाताएवढी साल निघाली होती.
मी लिहिले, निरंक.

वैजयंतीचे शिकाऊ लायसन्स गुरुवारी संपले,
आम्ही धडकलो रविवारी.
बावन्नाव्या वर्षी तिने विचारले होते, क्लच म्हणजे नक्की काय,
आणि मी हसलो होतो.
आठ दिवस काही विचारले नाही तिने.
नवव्या दिवशी किल्ली घेऊन दारात उभी.

गाडी कुपवाडला, शिकलगारांच्या गॅरेजात,
बॉनेट वासून पडलेली.
रमजानभाई बोटांवर मोजत गेले :
बंपर, रेडिएटर, डावा दिवा, फेंडर.
'प्लॅस्टिकला कंपनी निम्मंच देती, साहेब.
पत्र्याचं वय बघती.
काचेचं तेवढं पुरं मिळतं.'
आमची काच शाबूत होती.

सर्व्हेअर आवटी बुधवारी आले स्कूटरवरून,
हँडलला डब्याची पिशवी.
फोटो काढले, चासी नंबर कागदावर पेन्सिलने घासून घेतला,
मग दार उघडून आत बसायला गेले
आणि गुडघे स्टिअरिंगला अडकले.
सीट पुढे होती. पार पुढे.
पाठीशी घरच्या दिवाणावरची उशी,
तिच्यावर भरतकामाचा मोर.

त्यांनी मला पाहिले, टाळूपासून चपलेपर्यंत.
'उंची किती हो आपली?'
'पाच दहा.'
'हं.'
पेनाला टोपण लावले.
'उद्या अकरापर्यंत मी रिपोर्ट पाठवत नाही,' म्हणाले,
आणि डबा खायला सावली शोधत गेले.
भला माणूस की नुसता दमलेला,
मला अजून ठरवता आलेले नाही.

रात्री भांडी आवरताना वैजू म्हणाली,
'जन्मात एवढी एकच मोठी गोष्ट
माझ्या हातून झाली,
तीही तुमच्या नावावर?'

सकाळी साडेदहाला मी क्लेम मागे घेतला.
अडतीस हजार चारशे.
निम्मे तिने भिशीतून दिले,
निम्मे मी मुदतठेव मोडून.
नो क्लेम बोनस मात्र जागच्या जागी राहिला,
पुढच्या हप्त्यात कंपनी माझे कौतुक करणार आहे.

दस्तगीर डेंटर मिरजेहून यायचा.
आतून ठोकायचा, बाहेरून डोळे मिटून चाचपायचा,
तीन दिवस, आधी टकटक, मग नुसता तळहात.
मी विचारले, रंग जुळेल ना?
'डब्यातला जुळतोय हो.
गाडी सात वर्षं उन्हात उभी तुमची,
ते ऊन कुठनं आणू?'

घ्यायला गेलो त्या दिवशी
मी सवयीने उजव्या दाराशी गेलो.
ती आत बसलेली होती.
काचेवर लाल एल, पर्समध्ये नवे शिकाऊ लायसन्स.
रमजानभाईंच्या पोराने मागे सारलेली सीट
तिने खट्‌कन पुढे ओढली,
मोर पाठीशी घेतला.

मी डावीकडे बसलो, गुडघे मिटून,
उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर.
वाटेत एकदा गाडी बंद पडली,
मागच्या टेम्पोवाल्याने काही तरी म्हटले,
तिनेही काही तरी म्हटले.

चिंचेपाशी ती दुसऱ्या गिअरवर आली.
सालीच्या जागी लाकूड काळवंडू लागले होते.
रस्ता मोकळा, कुत्रेही नव्हते,
तरी तिने हॉर्न दिला, एकदाच, हळू.
झाडाला असावा.